एक पाऊस काढ, मग जा

हिराच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. "मावशी, आई गेल्या..." एवढंच ती म्हणाली. आणि मी विचारलं, "कुठे?" या वयात असा फोन आल्यावर कुणी असं विचारतं का? पण हिरा घरात सापडली असं कधी झालंच नव्हतं. आभाळ खाडीच्या बाजूने भरून आलं होतं, पाऊस अजून यायचा होता. फोन ठेवल्यावर मी उरलेल्या शेंगाही मोडल्या, अगदी सावकाश. आता श्रावण लागलाय, रोज ऊन-पावसाचा खेळ चाललाय, आणि गवार मात्र मी अजून आणलेली नाही.

हिरा घोडबंदर रोडची. आज जिथे तिचं कुटुंब विसाव्या मजल्यावर राहतं, तिथे तिच्या लहानपणी शेत होतं आणि पलीकडे खाडीला लागून मिठागर. मी डोंबिवलीची, कोकणातून आलेल्या सोवळ्या घरातली. आम्ही भेटलो त्या वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात. इंजिनीअर लोक पेन्सिलीने नकाशे काढायचे आणि आम्ही ते पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचो. पुढे ऑफिसला सिंगापूरचं काम मिळालं, तिकडे गिरवणाऱ्या मुली हव्या होत्या. दोघी असल्या तर घरचे सोडतील, म्हणून आम्हा दोघींना धाडलं.

त्या वेळची मी कशी होते, ते सांगायला मला फार आवडतं, कारण आता ती मुलगी तक्रार करायला येऊ शकत नाही. परदेशात काट्या-चमच्याने जेवावं लागणार म्हणून ती जायच्या आधी महिनाभर पोळी सुरीने कापून खात होती. आई समोर बसून बघायची आणि म्हणायची, "पोळीला भूल तरी दे." पांढरे उंच टाचांचे सँडल घेतले होते, ते तिथल्या पहिल्याच सरीत फुगून पावासारखे झाले. आणि एवढी तयारी करून ही बाई तिकडे करत काय होती? तर खोलीचं दार लावून, विजेच्या शेगडीवर भात शिजवून, मेतकूट कालवून रडत होती. डिसेंबरचे दिवस, आपल्याकडे थंडी आणि तिथे धो धो पाऊस. ऑफिसात कागद दमट हवेने फुगायचे, काल काढलेली रेघ आज जुळायची नाही, आणि मला वाटायचं, आपलंही तसंच झालंय. करार मोडून परत जायचं, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

हिरा दारात उभी राहिली. हातात छत्री. "चल गो, जेवाला."

"पाऊस पडतोय," मी म्हटलं.

"मग? पाऊस परतंय म्हनून तर जावाचा."

तिचं गणितच वेगळं होतं. पावसाळ्यात मिठागरं बंद. लावणी उरकली की तिच्या गावची माणसं मोकळी. मग याच्याकडे जा, त्याच्याकडे जा, खा, प्या, गप्पा मार. माझ्या घरी पाऊस आला की खिडक्या लावायच्या, तिच्या घरी पाऊस आला की माणसं निघायची. मी तिला सांगून टाकलं की मी परत जाणार आहे. ती जरासुद्धा दचकली नाही. म्हणाली, "जा ना. पन एक पाऊस काढ. पाऊस गेला का जा तुझे डोंबिवलीला."

हे मला रास्त वाटलं. एक पाऊस तर काढायचा! आणि मी तिच्यामागे निघाले.

ती जागा अजून डोळ्यांपुढे येते, पण एखाद्या स्वप्नातली असावी तशी... चहूबाजूंनी उघडा, छप्पर घातलेला मोठा खाण्याचा बाजार. कडेने लहान लहान गाळे, प्रत्येकातून वाफ वर जातेय, छपरावर पावसाचा एकच एक आवाज, ओल्या फरशीवर पिवळे दिवे वितळल्यासारखे. नारळाच्या दुधाचा, तळलेल्या लसणीचा वास. आणि माणसंच माणसं. बसायला जागा नाही. हिराने काय करावं? एक टेबल रिकामं होताना बघितलं, पदराशी खोचलेला भला मोठा निळ्या चौकटीचा रुमाल काढला आणि टाकला खुर्चीवर. एसटीच्या खिडकीतून टाकतात तसा! मी शरमेने अर्धी झाले. "अगं हिरा, उचल तो. हे परदेश आहे, इथे असलं कुणी करत नाही."

"कनाला लाजतंस? बग तरी," ती म्हणाली.

मी बघितलं. शेजारच्या टेबलावर नुसती छत्री होती. पलीकडे कागदी रुमालांचं पाकीट. त्याच्या पलीकडे कुणाचं तरी वर्तमानपत्र. सगळ्या बाजाराने जागा धरून ठेवल्या होत्या आणि माणसं खायला आणायला गेली होती. काट्या-चमच्याचा सराव करून आलेल्या बाईला त्या शहराचं काही कळलं नव्हतं आणि हिराला पाऊल टाकताच कळलं होतं. काटे तर तिथे कुणाच्या हातात दिसेनात, लोक वाडगे तोंडाला लावून भुरके मारत होते.

तिथे टेबल एकट्याचं नसे. आमच्या टेबलावर एक चिनी आजोबा येऊन बसले, आणि मग रोजच येऊ लागले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. हिरा त्यांच्याशी सरळ आगरीत बोलायची, ते त्यांच्या भाषेत उत्तर द्यायचे, आणि दोघं अशी हसायची की मला वाटायचं भाषा येत नसलेली मीच एकटी आहे. केळीच्या पानात भाजलेला मासा तिने त्यांना बोटांनी काटे काढून कसा खायचा ते दाखवलं, म्हणजे त्यांच्याच गावचा मासा त्यांनाच! माझ्यासाठी ती भात, काकडी, शेंगदाणे आणि एक लाल चटणी आणायची. चटणी मला अतोनात आवडली. दोन महिन्यांनी कळलं की त्यात सुकी कोळंबी असते. हिरा म्हणाली, "वास नाय आला तुना?" आला होता. चांगला आला होता. मी विचारलं नव्हतं इतकंच. आई असेपर्यंत हे घरात बोलले नाही, आता छापून यायला हरकत नाही.

मग एका संध्याकाळी आम्हाला ऑफिसात फार उशीर झाला. त्याच दिवशी घरची आठवण येऊन मी पुन्हा हट्टाला पेटले होते, आता पाऊस जाईपर्यंतही थांबणार नाही म्हणून. भिजत बाजारात पोचलो. उभं राहायला जागा नव्हती. आणि आमचं टेबल... तिथे आजोबा बसले होते, आणि त्यांची लांब काळी छत्री समोरच्या दोन खुर्च्यांवर आडवी ठेवलेली. लोक येत होते, विचारत होते, आजोबा मान हलवत होते. आम्हाला बघून त्यांनी छत्री उचलली आणि पायाशी ठेवली. बस. एवढंच केलं त्यांनी. समुद्रापलीकडच्या गावात कुणीतरी माझी जागा धरून ठेवली होती. परत जायचं मी त्यानंतर पुन्हा बोलले नाही.

बोलण्याची सोयही नव्हती म्हणा. कारण तिथला पाऊस जातच नाही! डिसेंबरचा सरला की दुपारचा येतो, दुपारचा थांबला की पहाटेचा. मी आज जाईल, उद्या जाईल म्हणून वाट बघत दोन वर्षं काढली आणि कराराचं काम संपवूनच घरी आले. हिराला हे आधीपासून ठाऊक होतं का, हे मी तिला कितीदा विचारलं. ती नुसती रुमालाने तोंड पुसायची.

परत आल्यावर लग्नं झाली, मुलं झाली, नातवंडं झाली, पण पावसाळ्यात बाहेर जेवायचं ते आम्ही सोडलं नाही. ठाण्यात तलावपाळीजवळच्या एका उडप्याकडे, खिडकीचं टेबल. घोडबंदरच्या ट्रॅफिकला शिव्या घालत हिरा दुपारीच निघायची आणि माझ्या आधी पोचायची. मी डोंबिवलीहून जाऊन दारात उभी राहिले की लांबूनच माझ्या खुर्चीवर तो निळा रुमाल दिसायचा. धुऊन धुऊन चौकटी पुसट झालेला. आम्ही डोसा खायचो आणि तळ्यावर पडणारा पाऊस बघत बसायचो, आणि थोड्या वेळाने मला कळेनासं व्हायचं की आपण नक्की कुठल्या गावात आहोत.

शेवटची भेट उन्हाळ्यातली. आजाराने ती निम्मी झाली होती, तरी हट्टाने रिक्षा करून आली. डोसा तसाच राहिला. मी उसनं हसू आणून म्हटलं, "हिरा, एक पाऊस काढ. मग जा."

तिने डोशाची बशी बाजूला सारली. मग तिचे डोळे लबाडीने चमकले. "तो तिकरचा पाऊस होता गो, जात नव्हता. आपला पाऊस लबाड नाय. सांगून येतंय न् सांगून जातंय."

म्हणजे ठाऊक होतं तिला! पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी तिला चिमटा काढला, आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो की वेटर पाणी घेऊन आला. निघताना ती रुमाल खुर्चीवर विसरली. पुढच्या वेळी देऊ म्हणून मी तो पर्समध्ये ठेवला. पाऊस यायला चार दिवस असताना ती गेली.

परवा दुपारपासून झोडपत होता. मी साडी बदलली तशी नात म्हणाली, "आजी, एवढ्या पावसात कोण जातं बाहेर?" मी म्हटलं, "पावसातच जातात." तिला वाटलं, म्हातारीचं काहीतरी बिनसलंय. खरं तर मलाही दारातून परत फिरावंसं वाटत होतं, शेगडी, मेतकूट-भात, बंद खिडक्या, सगळं मागे खुणावत होतं. पण गेले. खिडकीचं टेबल मिळालं. खुर्चीवर काही नव्हतं. मी पर्समधून रुमाल काढला आणि समोरच्या खुर्चीवर टाकला. वेटरने विचारलं, "त्या मॅडम यायच्यात का?" मी म्हटलं, "घोडबंदरला ट्रॅफिक असेल." तो बिचारा मान डोलावून गेला.

हॉटेल भरत गेलं. काचेवरून पाणी वाहत होतं, तळ्यावरचे दिवे फुटून पसरत होते, आणि कुठूनतरी तळलेल्या लसणीचा वास आला, उडप्याकडे येऊ नये असा... दारात एक बाई उभी होती, चाळिशीची असेल, ऑफिसची बॅग छातीशी धरलेली, केसांतून पाणी गळतंय. एकेका टेबलाकडे बघत होती आणि नजर काढून घेत होती. माझ्याजवळ आली, रुमाल बघितला आणि "सॉरी" म्हणून वळली.

मी रुमाल उचलला. तिच्या हातात दिला, केस पुसायला.

"कुणी येणार होतं ना इथे?" ती म्हणाली.

"बस गो," मी म्हटलं, "कनाला लाजतंस?"