काजूचं यंत्र आणि चुलतभावाचा अर्ज

भारत आंतरराष्ट्रीय पेटंट करारात सामील झाल्याची बातमी चुलतभावाने मुंबईहून आणली. १९९८ संपत आलं होतं.

"आता एका अर्जात पार आफ्रिकेपर्यंत हक्क सांगता येतो," तो म्हणाला. "तिथले काजूवालेसुद्धा आपलं यंत्र घेतील बघ."

आपलं! देवरूखजवळच्या आमच्या वाडीत, माझ्या वेल्डिंगच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी काजूबी फोडायचं यंत्र बनवलं होतं. पातं त्याचं, बी धरून ठेवणारी वाटी माझी. अर्ज मात्र त्याने एकट्याच्या नावाने केला. तो मान्य झाल्याचं जाहीर झालं तेव्हा मला कळलं. मी फोन केला.

"अरे, तू वेल्डर," तो हसला. "वेल्डरचं नाव कोण घालतं?"

रत्नागिरीच्या वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अर्जाआधी यंत्र कोणाला दाखवलं होतं?"

अख्ख्या वाडीला! आमच्याकडे नवं हत्यार दसऱ्याला पुजल्याशिवाय कामाला लावत नाहीत. काकूने, म्हणजे त्याच्याच आईने, यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ वाढवला. मग वाडीतल्या बायकांनी आळीपाळीने दांडा ओढून बिया फोडल्या. पेटंट मागायचं तर आधी असं चारचौघांत दाखवायचं नसतं, हे आम्हाला कुठलं ठाऊक?

"हे सिद्ध झालं तर त्याचं पेटंट जाईल," वकील म्हणाले. "पण तुम्हालाही मिळणार नाही. त्यापेक्षा भागीदार म्हणून भांडा, निम्मा हक्क मिळेल."

"मला निम्मा नको," मी म्हटलं. "त्याला काही मिळायला नको."

मी पेटंट कचेरीत त्याच्या अर्जाला हरकत घेतली आणि साक्षीला काकूलाच नेलं. "त्या दसऱ्याला पूजा तूच केलीस ना? तेवढं सांगशील?"

"सांगेन की! माझ्या पोराचं यंत्र. लपवण्यासारखं काय आहे त्यात?" ठेवणीतलं लुगडं नेसून ती आली. मुलाचं भलं होतंय असं तिला वाटत होतं. मी तिचा समज तसाच राहू दिला.

पेटंट नाकारलं गेलं. त्याचा फोन आला. "माझ्या आईला वापरलंस?"

"वेल्डरला दुसरं काय सुचणार?" मी म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

पुढे खेडच्या एका दुकानात तसंच यंत्र विकायला ठेवलेलं पाहिलं. वाटीही माझ्या वाटीसारखीच. मला वाईट वाटायला हवं होतं. मी मनात म्हटलं, करा, सगळ्यांनी करा, त्याच्या हाती काही लागू नये.

काकूला सगळं त्यानेच सांगितलं. त्यानंतर तो घरी आला नाही. मी गेलो तेव्हा ती पडवीत बसली होती.

"मी खरंच बोलले होते ना रे?"

"खरंच बोललीस, काकू."

"मग आता त्याच्याशी काय बोलू, तेही तूच शिकव."

अजूनही मी तिच्याकडे जातो. ती चहा देते आणि आत निघून जाते. इतकं होऊनही, तो हरला याचा आनंद माझ्या मनातून जात नाही.