दादाचा घास आणि अमोनिया

सरांचा जन्म आम्ल आणि आम्लारी शिकवण्यात गेला. कॉलेजात दरवर्षी तोच धडा, तेच पेंगणारे चेहरे, आणि आता घसाही बसलेला. घरी येऊन गप्प पडावं म्हटलं, तर तिथेही तोच तास.

थोरला भाऊ, दादा, शाळेत विज्ञान शिकवायचा. धाकट्याला रसायनाची गोडी लावली ती त्यानेच. आता त्याचं डोकं साथ देईना. बायकोलासुद्धा ओळखायचा नाही; पण ताट पुढ्यात आलं की त्याच्यातला मास्तर जागा व्हायचा. "आम्ल-आम्लारीची व्याख्या सांग. मग जेवतो."

आता सांगून मोकळं व्हावं की नाही? दादाला हवी असायची ती सगळ्यात जुनी: पाण्यात हायड्रोजन आयन सोडतं ते आम्ल, हायड्रॉक्साइड सोडते ती आम्लारी. पण सरांची खोड वाईट. जुनी व्याख्या म्हणायचे आणि लगेच चिकटवायचे, "पण दादा, अमोनियाचं काय? त्यात हायड्रॉक्साइड आहेच कुठे? तरी तो आम्लारीच. म्हणून प्रोटॉन देतं ते आम्ल, घेते ती आम्लारी, असं म्हणायचं. तिसऱ्या व्याख्येत तर प्रोटॉनही लागत नाही, इलेक्ट्रॉनची जोडी पुरते..."

दादाचा चेहरा पडायचा. ओठ घट्ट मिटायचा, आणि ताट तसंच परत जायचं. सदरे अंगावर लोंबू लागले होते. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणून गेले.

"भाऊजी, त्यांना हवं तेवढंच म्हणा ना," वहिनी म्हणाली. तीही पार थकली होती. "इथे कोण पेपर तपासतंय?"

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या संध्याकाळी ते दादासमोर बसले आणि जुनी व्याख्या म्हणून निमूट थांबले.

"शाब्बास," दादा म्हणाला आणि त्याने तोंड उघडलं. वहिनीने मऊ भाताचा घास भरवला. मग दुसरा. तिसरा चावता चावता दादा थांबला.

"पण काय रे, अमोनियाचं काय?"

म्हणजे हा सगळं ऐकत होता तर! सरांना भरून आलं. इतके दिवस याच प्रश्नाची तर वाट पाहिली होती, उत्तर अगदी जिभेवर होतं. वहिनीच्या हातातला घास मात्र अधांतरी राहिला होता.

"मला नाही माहीत, दादा," सर म्हणाले.

"असू दे," दादाने पुढचा घास घेतला. "जेवण होऊ दे. मग शिकवतो तुला."