मामंजींची लढाई आणि ह्यांचा तारा

हे पलटणीत हवालदार होते. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे आणि आम्ही छावणीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचो. माझे सासरे, म्हणजे मामंजी, अधूनमधून पैठणकडून एसटीनं यायचे. पिशवीत वांगी, तुरीच्या शेंगा, एखादा भोपळा असायचा. आले की बाहेरच्या लिंबाखाली खाट टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घ्यायचे. सुभेदारापासून दूधवाल्यापर्यंत त्यांच्या तावडीतून कुणी सुटायचं नाही.

त्यांचं गाव जायकवाडीच्या धरणात गेलेलं. सरकारनं गाव वर माळावर नेऊन वसवलं. जुन्या गावापैकी पाण्याबाहेर राहिली ती फक्त टेकडी. तिचं बेट झालं. काठावर उभं राहिलं की लांब, बाभळीच्या झुडपांचा ठिपका दिसायचा. मासे धरणारे आपापल्या चप्पूवरून तिकडं जायचे, पण चप्पू म्हणजे एका माणसापुरती थर्माकोलची पाटी. म्हाताऱ्या माणसानं त्यावर बसायचं म्हणजे जिवाशी खेळ. धरण झाल्यापासून मामंजींचा पाय काही त्या टेकडीला लागला नव्हता.

ह्यांचं नायब सुभेदारीचं प्रमोशन आलं, त्याच दिवसांत मामंजी मुक्कामाला होते. एका सकाळी कर्नलसाहेब क्वार्टरांच्या फेरीवर आले. साहेब पुण्याकडचे, बोलायला मोठे साफ, आणि इतिहासाचं भारी वेड. जिथं बदली होईल तिथले किल्ले, बारवा, तोफा बघत हिंडायचे. खाटेवर बसलेल्या मामंजींना त्यांनी आपणहून रामराम घातला.

"बाबा, गाव कुठलं आपलं?"

"पान्यात हाय," मामंजी म्हणाले.

साहेबांना आधी कळेना. मग टेकडीचं सांगितलं, बेटाचं सांगितलं. साहेब खाटेवर टेकलेच. म्हणाले, "गोदावरीच्या त्या पट्ट्यात निजामाची आणि मराठ्यांची मोठी लढाई झाली होती म्हणतात. तुमच्या कानावर आहे काही?"

मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. मामंजींच्या डोळ्यांत एक चमक यायची. ती आली की घरातली माणसं सावध व्हायची. साहेबांना कुठून माहीत असणार!

"कानावर? अवो साहेब, आमच्याच टेकडीवर झाली की ती!"

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. साहेबांसमोर बोलता येईना, नुसते ताठ उभे. साहेब गेल्यावर मात्र उसळले, "आबा, कसली लढाई? मी जन्मलो तिथं, मला माहीत नाय?"

"झालीच असंल की. गोदामायच्या काठाला लढाई झाली नाय असं एक तरी गाव दाखव मला."

"साहेब खरं धरतील!"

"धरू दे. माझं काय जातंय?"

साहेबांनी खरं धरलंच. चारच दिवसांनी परत आले ते ठरवूनच. ह्यांचं पायपिंग, म्हणजे खांद्यावर नवा तारा चढवायचा कार्यक्रम, परेड ग्राउंडवर न करता त्या बेटावर करायचा. जवान त्याच मातीतला, जागा लढाईची. बोटींचा सराव घ्यायचाच होता, तोही होऊन जाईल. मामंजींना म्हणाले, "तुम्ही लढाईची हकिकत सांगायची, सगळ्यांसमोर."

"सांगतो की," मामंजी म्हणाले, "पर एकट्यानं कशी सांगू? ज्यांचं ज्यांचं रगत तिथं सांडलं, त्यांची बी नातवंडं-पतवंडं हायेत गावात. त्यांना सोडून गेलो तर बरं दिसंल का?"

साहेबांना पटलं. कुणाकुणाला न्यायचं ते मामंजींनी ठरवावं म्हणाले. आणि मग मला हळूहळू उमगायला लागलं, की आमच्या मामंजींनी काय डाव टाकलाय. लढाईबिढाई सगळं झूट. त्यांना गावची सगळी म्हातारी माणसं जमवून, फौजेच्या बोटीत बसवून टेकडीवर न्यायची होती. म्हसोबाचा निवद तिथं धरण झाल्यापासून झाला नव्हता.

मी विचारलं तर म्हणाले, "सूनबाई, तू लई हुशार हायेस. आता गप बस."

साक्षीदार म्हणून त्यांनी गावाहून चाचांना बोलावून घेतलं. चाचा म्हणजे मामंजींचे लहानपणापासूनचे दोस्त. गावात त्यांचं बांगड्यांचं दुकान. दोघं माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून लढाई रचायला लागले. मी भाकरी थापत ऐकत होते.

चाचा म्हणाले, "देख, हमारे परदादा निजाम के तोपखाने में थे. ये सच्ची बात है."

"असतील. पर तोफा चिखलात रुतल्या."

"कायकू रुतेंगे? तोपां चली. धडाधड चली!"

"मंग आम्ही काय बघत बसलो?"

"तुम भागे."

पोळपाट-लाटण्यापर्यंत प्रकरण येणार असं दिसलं तेव्हा मी मधे पडले. म्हटलं, "चाचा, पहिल्या दिवशी तुम्ही जिंका, दुसऱ्या दिवशी मामंजी जिंकतील." दोघांनी एकमेकांकडं बघितलं. चाचा म्हणाले, "हौ, ये ठीक है." मामंजींनी वर एक हत्तीही घातला. हत्तीवाचून मोठी लढाई वाटत नाही म्हणाले.

हे दोन दिवस जेवले नाहीत धड. खांद्यावर तारा चढायच्या आधीच आपली नाचक्की होणार, याची त्यांना खात्री होती. मला मात्र आतून हसू फुटायचं आणि मी ते पदरात लपवायची.

कार्यक्रमाच्या दिवशी थंडी बरी होती. आम्ही काठावर पोचलो तर पलटणीचा ट्रक माळावरून गाव भरून घेऊन आलेला. नुसती म्हातारी माणसं, धोतरं, लुगडी, दोन-चार लुंग्या. कुणाच्या हातात झाकलेली टोपली, कुणाच्या शेंदराची पुडी. जवानांनी सगळ्यांना नारिंगी रंगाची तरंगायची जाकिटं चढवली. नऊवारीवर ती जाकिटं घालून बसलेल्या बाया बघून माझे डोळे पाण्यानं भरले, हसून.

मामंजी जाकीट घालीनात. जवान हात जोडून म्हणाला, "बाबा, हुकूम आहे."

"आरं, ह्या पान्याखाली माझंच वावर हाय. बुडालो तर माझ्याच वावरात बुडंन. तुला काय त्रास?"

शेवटी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, नुसतं एकदा वळून बघितलं. मामंजींनी मुकाट्यानं जाकीट घातलं.

बोट सुरू झाली आणि सगळ्यांनी कडेची दोरी घट्ट धरली. मग कुणीतरी पाण्याकडं बोट दाखवून म्हणालं, "ही माझी हीर." दुसरा म्हणाला, "नाय, हीर मागं राहिली, हा मारुतीचा पार." चाचा वाकून पाण्यात बघत होते. त्यांची जुनी दुकानाची ओसरी कुठंतरी तिथंच होती. सुकाणूवरच्या जवानानं कुणी न सांगता बोटीचा वेग कमी केला.

बेट म्हणजे काय, बाभळी, गवत, आणि आम्हाला बघून उडालेले बगळे. म्हसोबाचा दगड मात्र जागेवर होता, शेंदूर पार उडालेला. जवानांनी आदल्या दिवशीच चुन्यानं रेषा आखून ठेवल्या होत्या. बिगुल वाजला. हे मधे ताठ उभे राहिले. साहेबांनी उजव्या खांद्यावर तारा चढवला आणि म्हणाले, "डाव्या खांद्यावर आईंनी चढवावा."

आत्याबाई ह्यांच्या कोपरापर्यंत येत होत्या. हे सावधानमध्ये, वाकता येईना. एका जवानानं लाकडी पेटी आणून ठेवली. आत्याबाई म्हणाल्या, "चार पुरुषांसमोर म्या पेटीवर चढू?" साहेब म्हणाले, "आजी, आम्ही सगळे डोळे मिटतो." आणि त्यांनी खरंच तसा हुकूम सोडला! सगळ्या पलटणीनं डोळे मिटले. आत्याबाई चढल्या, तारा लावला, मग कमरेची पिशवी सोडून त्याच ताऱ्याला हळद-कुंकू लावलं आणि ह्यांच्या कपाळालाही. हे मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "आई, कुंकू नको, वर्दी आहे." "गप रे," आत्याबाई म्हणाल्या.

टाळ्या झाल्या. मग साहेबांनी मामंजींना पुढं बोलावलं.

मामंजींनी फेट्याचा शेमला मागं टाकला आणि अशी काही लढाई सुरू केली की मीसुद्धा तोंड उघडून ऐकत राहिले. घोडी पाण्यात शिरली, तोफा धडाडल्या, चाचा मधून मधून "हौ, हौ" म्हणत होते. हत्ती येऊन चिखलात रुतला आणि तेवढ्यात आवाज आला,

"काय बाई खोटं बोलावं मानसानं!"

आत्याबाई. अजून पेटीवरच उभ्या. आवाज खणखणीत.

"कुठला आलाय हत्ती? साहेब, इथं एकच भांडान झालं. ती पोलीस ॲक्शन होऊन गेल्यावर. पोळ्याचे बैल धुवायचे, तर ह्या गावचे आधी पान्यात उतरनार का पल्याडच्या काठाचे, ह्याच्यावरनं. पल्याडचे लोक काठ्या घेऊन ह्या टेकडीवर आले. हे तुमचे बाबा तवा त्या बाभळीवर चढून बसले व्हते."

मी खाली मान घातली. ह्यांनी कुंकू लावलेल्या कपाळानं समोर बघत असे डोळे रोखले होते, की जणू सीमेवरच उभे आहेत. जवानांच्या रांगेतून कसलेकसले खोकले ऐकू यायला लागले. चाचा हळूच मामंजींच्या मागं सरकले.

साहेबांचा चेहरा जराही हलला नाही. त्यांनी अगदी अदबीनं विचारलं, "आजी, मग जिंकलं कोण?"

"कोन जिंकनार? दोन्हीकडची डोकी फुटली. मंग ह्या चाचांचे वडील मधी पडले. म्हनले, सोयरीक करा, म्हंजी भांडान मिटंल. म्या पल्याडच्या काठाची. मला ह्या गावात दिली."

साहेबांनी टाचा जुळवल्या आणि आत्याबाईंना कडक सॅल्यूट ठोकला. म्हणाले, "म्हणजे तुम्हीच तहाचं कलम! बाबा, तुम्ही लढाई नव्हे, मुलूख जिंकलात की हो."

त्यानंतर काय, हसायला कुणाला हुकूम लागला नाही. बाया तोंडावर पदर घेऊन, जवान उघड उघड. मामंजी पहिल्यांदाच मला लाजलेले दिसले. आत्याबाईंना पेटीवरून उतरायला हात द्यायला तेच पुढं झाले.

म्हसोबाला शेंदूर लागला, निवद झाला. टोपल्यांतून भाकऱ्या, ठेचा, वांग्याचं भरीत, चाचांनी आणलेला शिरखुर्मा, सगळं पलटणीच्या पुरीभाजीच्या शेजारी मांडलं गेलं. साहेब गवतावर मांडी घालून भाकरी खात होते. मी वाढायला गेले तेव्हा हळूच म्हणाले, "ती खरी लढाई इथून बरीच खाली झाली. मी पहिल्याच आठवड्यात पुस्तकात बघितलं होतं."

मी म्हटलं, "मग साहेब, तुम्ही इथं...?"

"बाबांनी लढाईचे ट्रकभर वारस जमवायला घेतले तेव्हा मी म्हटलं, आता माघार घेणं बरं दिसणार नाही," ते म्हणाले आणि आणखी ठेचा मागितला.

परत निघायची वेळ झाली तर म्हातारी माणसं हलेनात. कुणी बाभळीखाली आडवं झालेलं, कुणी पाण्याकाठी पाय सोडून बसलेलं. शेवटी बिगुल वाजवला तेव्हा उठली.

घरी आल्यावर हे दोन दिवस मामंजींशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वर्दी घालून बाहेर पडताना लिंबाखाली थांबले. खांद्यावरच्या ताऱ्याच्या खाचेत कुंकवाचा लाल कण अजून अडकलेला होता. मामंजींनी नखानं काढायला हात पुढं केला, तर हे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." आणि मग, चालता चालता, "आबा, त्या बाभळीवर खरंच चढला होता व्हय?"

"पुढं शत्रू किती हायेत ते वरूनच दिसतं," मामंजी म्हणाले.

थोड्या दिवसांनी ह्यांची बदली डोंगरात झाली आणि आम्ही छावणी सोडली. पुढच्या हिवाळ्यात सुट्टीला गावी गेलो, तर पारावरच्या म्हाताऱ्यांनी मला गाठलं. चाचाही त्यांच्यात होते. हालहवाल विचारून झाल्यावर त्यातल्या एका आजीनं माझा हात धरला आणि खालच्या आवाजात विचारलं, "पोरी, तुमच्या छावनीत औंदा आनखी कुनी सुभेदार व्हनार हाय का?"