रेघेची जाडी

नकाशा वाचायला शिकवताना मी पहिल्याच तासाला मुलांना सांगत असे, की रेघ कागदावर असते, जमिनीवर नसते. साताऱ्याच्या शाळेत सात वर्षे भूगोल शिकवून, लग्नानंतर मी अमेरिकेत आले. ऐंशीच्या दशकात न्यू इंग्लंडमधल्या एका राज्याच्या जमीन खात्यात मला नकाशे शाईने पक्के करण्याचे काम मिळाले. मुलांना सांगितलेली ती गोष्ट मी तिथे विसरले.

त्या वर्षी राज्याने तिथल्या मूळ रहिवाशांच्या एका जमातीशी तडजोड केली होती. आपली जमीन पूर्वी बेकायदा घेतली गेली, असा जमातीचा दावा होता. कोर्टात बरीच वर्षे गेल्यावर असे ठरले, की जमातीने दावा सोडावा आणि राज्याने आपल्या ताब्यातले एक जंगल तिला परत द्यावे. जंगलाच्या तीन बाजूंना जुने दगडी गडगे होते, तिथे वाद नव्हता. चौथ्या बाजूला राज्याला एक आवार स्वतःकडे ठेवायचे होते. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकायचे मीठ तिथे साठवत. त्या बाजूला जमिनीवर कसलीच खूण नव्हती, म्हणून दोन्ही पक्षांनी नकाशावर पेन्सिलने एक रेघ ओढली आणि कायद्यात लिहिले: हद्द सोबतच्या नकाशाप्रमाणे. तो नकाशा माझ्या टेबलावर आला.

त्या हिवाळ्यात आई गेल्याचे पत्र मला तेराव्यानंतर मिळाले होते. तेव्हापासून कशाचे फारसे काही वाटत नसे. काम मात्र नीट होत होते. मी पेन्सिलीच्या रेघेवर शाई भरली. शाळेत भिंतीवरचे नकाशे मीच काढत असे, आणि शेवटच्या बाकावरून दिसावी म्हणून राज्याची हद्द नेहमी जाड निबाने काढत असे. इथेही हात त्याच निबाकडे गेला. हद्द महत्त्वाची, म्हणजे ठळक हवी. शाई वाळल्यावर, शिकवल्याप्रमाणे, पेन्सिलीच्या सगळ्या खुणा खोडून टाकल्या. नकाशा स्वच्छ दिसत होता. मुख्य सर्व्हेअरनी तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "इतका सुबक कागद या ऑफिसातून कधी गेला नसेल."

वाचकांनी हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. त्या नकाशावर एक इंच म्हणजे जमिनीवरचे हजार फूट. माझी रेघ एक मिलिमीटर जाड होती. जमिनीवर ती सुमारे चाळीस फूट रुंद होते.

त्या चाळीस फुटांत पाच कबरी होत्या.

कबरी म्हणजे गुडघ्याएवढे, अक्षरे नसलेले दगड. त्या आपल्याच बाजूला येतात असे जमातीने धरले होते. राज्याने त्यांचा विचारच केला नव्हता. खुंट्या ठोकायची वेळ आली तेव्हा राज्याचे वकील म्हणाले की द्यायची जमीन रेघेच्या आत, म्हणून हद्द रेघेची आतली कड. जमातीचे वकील म्हणाले, बाहेरची कड. खरी पेन्सिलीची रेघ कुठून जात होती, हे फक्त मला माहीत असणार होते.

एप्रिलमध्ये आम्ही जागेवर गेलो. दोन वकील, मुख्य सर्व्हेअर, मी, आणि जमातीतल्या एक म्हाताऱ्या बाई. त्यांची धाकटी बहीण मिठाच्या आवाराकडच्या शेवटच्या दगडाखाली होती. तिच्या शेजारची जागा बाईंनी स्वतःसाठी राखली होती. राज्याच्या जमिनीत कोणाला पुरता येत नसे, त्यामुळे रेघ कुठे ठरते यावर त्यांची जागा अवलंबून होती.

"ही रेघ तूच काढलीस का?" नकाशाकडे बोट करून त्यांनी मला विचारले.

"हो. मी पूर्वी शाळेत शिकवत असे."

"दिसतंय ते, टीचर. लांबून वाचता येते."

वकिलांनी विचारले, की पेन्सिलीची रेघ शाईच्या कोणत्या कडेला होती. मी बाहेरची कड म्हणाले असते, तर पाचही कबरी आत आल्या असत्या. माझ्या शब्दाखेरीज पुरावा उरला नव्हता. मी म्हणाले, "मधोमध. पेन्सिल मध्यावर ठेवूनच शाई भरायची असते. मी तशीच भरली."

मध्यावरून दोरी धरली. तीन कबरी आत आल्या, दोन बाहेर राहिल्या. बहिणीची बाहेर. रेघ हलवायची तर कायदाच बदलावा लागला असता, आणि सगळी तडजोड पुन्हा उघडण्याची दोन्ही वकिलांना भीती होती. त्यांनी मध्य मान्य केला.

घरी नवऱ्याला सांगितले. तो म्हणाला, "अगं, तू फक्त ड्रॉ केलंस, डिसाइड त्यांनी केलं. जेव आता." मी जेवले. आमटीत मीठ आहे की नाही, ते लक्षात आले नाही.

पुढच्या वर्षी मिठाच्या आवाराला, हद्दीपासून राज्याच्या बाजूला फूटभर सोडून, तारेचे कुंपण घातले गेले. दोन कबरी कुंपणाच्या आत गेल्या. फाटकाची चावी आमच्या ऑफिसात, माझ्या टेबलामागच्या खिळ्याला असे. दर एप्रिलमध्ये बाई येत, अर्जावर सही करत आणि चावी मागत. "टीचर, बहिणीला भेटायची परवानगी आहे का?" मी अर्ज तपासत असे. तो प्रत्येक वेळी बरोबर भरलेला असे.

एकदा त्यांनी विचारले, "तुझी आई कुठे पुरलीय?"

"आमच्यात पुरत नाहीत. अस्थी नदीत सोडल्या."

त्या चावी उचलत म्हणाल्या, "बरंय. चावी लागत नाही."

तिसऱ्या वर्षी त्या चावी घेऊन निघाल्या नाहीत. काठी टेकून उभ्या राहिल्या. "तुझी ती मधली रेघ नक्की कुठून जाते, ते दाखव. पाय थकलेत माझे. आता जागा पक्की करायची आहे."

जेवणाच्या सुट्टीत मी टेप, दोन खुंट्या आणि सुतळी घेऊन त्यांच्याबरोबर गेले. फाटक उघडून, मोजणीच्या आकृतीवरची मापे दोनदा ताडून खुंट्या ठोकल्या आणि सुतळी ताणली. मनात मी त्यांना मावशी म्हणत असे, पण बोलताना कधी म्हटले नाही. सुतळीच्या पलीकडे, तारांमागे, बहिणीचा दगड होता. बाई अलीकडून सुतळीच्या कडेकडेने चालत आल्या आणि दगडाच्या बरोबर समोर थांबून त्यांनी काठी मातीत रोवली.

"इथे चालेल?"

मी टेप लावली. काठी सुतळीच्या आत नऊ इंचांवर होती. "माणूस आडवा ठेवायचा तर अजून दोन फूट मागे घ्यावे लागेल," मी म्हणाले.

त्यांनी काठी उपटून दोन फूट मागे रोवली. मी पुन्हा मोजले. बहिणीच्या दगडापासून सहा फूट चार इंच.

"लिहून दे," त्या म्हणाल्या. "तुझ्या चांगल्या अक्षरात. बारीक निबाने."

मी लिहून दिले. मग सुतळी गुंडाळली, फाटकाला कुलूप लावले, आणि ऑफिसात येऊन चावी खिळ्याला अडकवली.