मावशी आणि फणसाचा चीक

पनवेलच्या मुलींच्या डोक्यात काय शिजतंय, हे त्यांच्या आयांच्या आधी आमच्या शेजारच्या मावशीला कळे. लग्न असो, मंगळागौर असो, वेणीआधी केस तयार करायचे ते तिनंच. शिकेकाई-रिठे ती स्वतः उकळणार, लाकडी फणी स्वतः घासणार, आणि धुतलेले केस उदाच्या धुरावर पुरते वाळल्याखेरीज एक पेडही घालणार नाही. एकदा मामलेदारांच्या बायकोलाही तिनं ओल्या केसांनिशी दारातून परत पाठवलं. म्हणाली, "ओले केस नि ओली लाकडं, घाई केली का दोनी रडवतात!"

माझ्या ताईच्या लग्नाचा मुहूर्त साडेअकराचा होता. आठच्या सुमारास परसात बायका फणस फोडत होत्या. उपाशी ताई एक गरा चोरायला वाकली आणि कंबरेपर्यंतचे मोकळे केस चिकात पडले. घाबरून पुसायला गेली, तो चीक मानेपर्यंत पसरला. आईच्या तोंडचं पाणी पळालं. मुलाची आत्या तर कातर घेऊनच आली. "कापा आणि गंगावन लावा, कुणाला कळतंय!"

मावशीनं आत्याबाईंच्या हातातली कातर काढून घेतली नि आपल्या कमरेला खोचली. "मुहूर्त दुसरा मिलंल. ये केस नाय मिलनार."

खोबरेलाची तपेली घेऊन ती बसली. एक बट घ्यायची, तेल चोळायचं, चीक बोटांनी ओढून काढायचा. दहा वाजले. वऱ्हाडात कुजबुज सुरू झाली. भटजी तिसऱ्यांदा डोकावले, तेव्हा मान वर न करता ती म्हणाली, "भटजी, जरा मंत्र लांबवा." मग शिकेकाई, दोन पाणी, धूर. मी निखाऱ्यांवर ऊद टाकत होते आणि केस काही वाळेनात. अकराला बाबांनी हात जोडले. "मावशी, ओलेच घाल गं आता."

केसांची मुळं चाचपून "मुलाशी ओले हायत," एवढंच म्हणून ती फणी फिरवत राहिली.

अकरा वीसला वेणी झाली. एक बटही कापावी लागली नाही. अक्षता वेळेवर पडल्या.

पंगतीत मावशी पानासमोर नुसतीच बसलेली दिसली. बोटं आखडली होती, घास उचलेना. ताई नवऱ्याशेजारून उठली आणि तिला भरवू लागली.

"सात वरसांची व्हतीस तवापासून तुजे केस माजे हातात," मावशी हळूच म्हणाली. "आमी नीट विंचरून द्यावं, नि तुमी पोरींनी जावं."

ताईचा हात थांबला. तेव्हा मावशीनंच दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.