झाडलेली उजवी कड

"माणसाला पाठीत डोळे नाहीत, हा काही त्याचा गुन्हा नाही," असं गाडीबाई एकदा वसाहतीच्या कचेरीत म्हणाली होती.

तेव्हा टेबलापलीकडे सचिव होते, त्यांच्या दोन्ही बाजूंना समितीची चार माणसं होती आणि अलीकडे ती एकटी होती. दोन दिवसांपूर्वी तिच्या गाडीच्या आरशाचा धक्का लागून वरच्या ओळीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका पडल्या होत्या. मनगट मोडलं होतं. गाडी बंद करायचं समितीने जवळजवळ ठरवलंच होतं. बाईला बोलावलं होतं ते हे सांगायला, तिला काही विचारायला नव्हे.

गाडी म्हणजे बॅटरीवर चालणारी, चारी बाजूंनी उघडी, सहा माणसांची. कुठल्याशा गोल्फच्या मैदानावर जुनी झाल्यावर ती इकडे आली, म्हणून सगळे तिला गोल्फगाडी म्हणत. वसाहतीत गोल्फ कोणी पाहिला नव्हता. एका आजोबांची तर ठाम समजूत होती, की गोल्फ हे ती बनवणाऱ्याचं आडनाव. वसाहत टेकडीच्या उतारावर. खाली फाटक, दवाखाना, दुकानं. वर घरांच्या ओळी. मधे एकच वाट, पाऊण किलोमीटरची, तीन माणसं हात पसरून शेजारी शेजारी उभी राहिली तर भरून जाईल एवढी रुंद. त्या एका वाटेवरून चालणारे चालत, सायकलवाले सायकली दामटत, आणि गोल्फगाडी दिवसाला चौदा फेऱ्या करी. ज्यांचे गुडघे गेले, ज्यांना चार पावलांवर धाप लागते, त्यांना खालचं जग या गाडीमुळेच उरलं होतं. गाडी थांबली असती तर ती माणसं आपापल्या खिडकीत उरली असती, आणि बाई परत खराट्यावर गेली असती.

खराटा तिला नवा नव्हता. गाडीवर बसायच्या आधी नऊ वर्षं तिने हीच वाट झाडली होती. वाकून झाडणाऱ्याला माणसं चेहऱ्याने कळत नाहीत, पावलांनी कळतात. कोण उजवा पाय ओढतो, कोणाची चप्पल घरातून भांडून निघाल्यावर वेगळी वाजते, कोण औषध आणायला निघालाय आणि कोण नुसताच घराला कंटाळून, हे तिला मान वर न करता समजे. आणि एक गोष्ट तिने नऊ वर्षं पाहिली होती: कोणीही सरळ चालत नाही. बोलणारा ऐकणाऱ्याकडे कलतो. एकटा असला तर स्वतःच्या विचारांकडे कलतो, आणि ते कुठल्या बाजूला असतात हे त्यालाही माहीत नसतं.

झाडायची रीत तिला सासूने शिकवली होती. सासूनेही जन्मभर हेच काम केलं. येणाऱ्याकडे तोंड करून झाडायचं. पाठ करून झाडलं तर धूळ कोणावर उडाली ते कळत नाही, शिव्या मात्र कळतात.

मग आधीचा चालक नोकरी सोडून गेला. त्याच्या जागी कोणी मिळेना, तेव्हा बाईने मी शिकते म्हटलं आणि अकरा दिवसांत शिकली. नवरा कधीच वारला होता. पंपघरामागच्या दोन खोल्यांत ती आणि तिची थोरली नणंद राहत. नणंद शिवणकाम करी, आणि सुईपेक्षा तिची जीभ बारीक टोचे. बाई पहिल्यांदा गाडीवर बसून आली तेव्हा नणंद म्हणाली होती, की मान ताठ ठेव हो, पण फार नको, छत खाली आहे.

वसाहतीचा नियम असा होता, की सगळ्यांनी डावीकडून जायचं. पाय, सायकल, गाडी, सगळ्यांनी. म्हणजे चालणाऱ्याला जे काही येई ते मागून येई. विजेची गाडी वाईट बातमीसारखी येते, अगदी जवळ येईपर्यंत कळतच नाही. म्हणून दुसरा नियम, की ओलांडताना हॉर्न द्यायचा. त्या दिवशी बाईने दहा पावलांवरून हॉर्न दिला होता, नियमाप्रमाणे. मुख्याध्यापिका दचकल्या, उजव्या खांद्यावरून मागे वळून बघू लागल्या, आणि बघता बघता उजवीकडेच सरकल्या, नेमक्या गाडीच्या वाटेत. दचकलेला माणूस जिकडे बघतो तिकडेच जातो.

हे सगळं बाईने समितीला सांगितलं. मग म्हणाली, आठ दिवस द्या. चाकं डावीकडूनच राहू देत, पावलं तेवढी उजवीकडून न्या. म्हणजे कडेने चालणाऱ्याला जवळून जे येईल ते समोरून येईल, मागून येणारं पलीकडच्या कडेने जाईल. हॉर्नची गरजच नाही.

समितीत घड्याळकाका होते. रोज सकाळी सायकलवर वाटेच्या सहा फेऱ्या मारायच्या आणि प्रत्येक फेरीची वेळ वहीत टिपायची, हा त्यांचा नेम. ते म्हणाले, मी स्वतः नोंद ठेवीन, आणि ही कल्पना कशी फसते ते आठव्या दिवशी वाचून दाखवीन. सचिवांनी सुटकेचा मार्ग काढला: शेवटचा शब्द मुख्याध्यापिकांचा, हात त्यांचा मोडलाय. त्या हो म्हणाल्या तर गाडी चालू, नाही तर बंद.

यात गोम अशी, की मुख्याध्यापिकांनी एकतीस वर्षं पोरांच्या रांगा लावून एकच गोष्ट घोकून घेतली होती: डावीकडून चाला. नणंदेने हे ऐकलं आणि दात कोरत म्हणाली, "तू एक काम कर, सूर्याला सांग दुसरीकडून उगव. ते सोपं जाईल."

पहिल्या दिवशी सचिवांनी फाटकापाशी मोठी पाटी लावली. लोक ती वाचायला वाटेच्या ऐन मध्यावर थांबू लागले. दोन सायकली एकमेकींत अडकल्या. वाचून झालं की माणसं माना डोलवत आणि डावीकडून चालू लागत. दुसऱ्या दिवशी बाई एकेकाला हाताने बाजू दाखवत उभी राहिली. लोक हसून उजवीकडे जात, वीस पावलांवर परत डावीकडे येत. सवय अशीच असते. ती ऐकून घेते, हो म्हणते, आणि पायांत तशीच राहते. घड्याळकाकांची वही भरत चालली.

संध्याकाळी बाई घरी आली. नणंदेने ताट वाढलं. टोमणा मारायची वेळ होती, पण तिने मारला नाही. बाईला ते जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी बाई उजाडायच्या आधी उठली आणि कोपऱ्यातला खराटा घेऊन निघाली. नणंदेने अंथरुणातूनच विचारलं, की हरलीस का. बाई म्हणाली, "नाही वन्सं. पायांशी बोलायला चाललेय."

पानगळीचे दिवस होते. वाटेवर रोज घोटाभर पानं पडत, आणि दवाने ती भिजून चिकट होत. बाईने वाटेच्या दोन्ही कडा झाडल्या, पण वाटेच्या दोन्ही तोंडांशी एकेकच. फाटकातून वर जाणाऱ्याला उजवी कड स्वच्छ दिसेल, डाव्या कडेला पहिली वीस पावलं ओल्या पानांचा थर दिसेल, असं तिने केलं. वरच्या टोकाला, खाली उतरणाऱ्यांसाठी तसंच: त्यांची उजवी कड लख्ख, डाव्या कडेला पानं. चाकांना पानांचं काही वाटत नाही. पायांना वाटतं.

सहा वाजता पहिली माणसं आली. कोणी पाटीकडे पाहिलं नाही. नव्या चपला घातलेला एक जण क्षणभर थांबला, पायाखाली पाहून उजवीकडे वळला. त्याच्यामागून दोघी बोलत बोलत उजवीकडे वळल्या, बोलणं न तोडता. एकदा कड धरली की माणूस ती सोडत नाही. वाट ओलांडायला कारण लागतं. समोरून सायकल येई, चालणारा तिला तीस पावलांवरून पाही, अर्धं पाऊल सरके, सायकलवाला मान हलवी. झालं. दिवसभरात बाईने हॉर्नला हात लावला नाही. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला ती रिकामी गाडी घेऊन उतारावरून आली तेव्हा वाटेवर एवढी शांतता होती, की वाटेला खूप दिवसांनी झोप लागली असावी असं वाटलं.

पुढचे तीन दिवस तसेच गेले. सातव्या दिवशी मुख्याध्यापिका दवाखान्यात हात दाखवून निघाल्या. बाईने गाडी थांबवून बसा म्हटलं. त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि चालत निघाल्या. डावीकडून. ओल्या पानांतून, मोडका हात गळ्यात बांधून, मान सरळ.

बाई गाडी घेऊन मागोमाग निघाली. गाडीत वर जाणारी तीन माणसं होती. मधून पुढे काढता आली असती, पण मुख्याध्यापिका जरा झोकांड्या खात चालत होत्या, आणि हॉर्न द्यायचा नाही हे तर ठरलेलं. बाईने गाडी त्यांच्या चालीवर धरली. पाच पावलांचं अंतर. गाडीतल्या एक आजी ओरडायला गेल्या, बाईने ओठांवर बोट ठेवलं. गाडीमागे दोन सायकलवाले आले आणि पाय टेकून संथ सरकू लागले. मग घड्याळकाका आले. त्यांनाही उतरावं लागलं. सायकल हातात धरून ते चालू लागले, दुसऱ्या हातात घड्याळ. वरातीत नवरदेव सोडून सगळे होते.

समोरून खाली उतरणारी माणसं त्याच कडेने येत होती, आणि ती त्यांची बरोबर कड होती. ती मुख्याध्यापिकांना वाट देत, त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत आणि हसत. एक हसला, दुसरी हसली. तिसऱ्याला मुख्याध्यापिकांनी विचारलं, की माझ्या तोंडाला काही लागलंय का. तो म्हणाला, तोंडाला नाही, पाठीला.

मुख्याध्यापिका वळल्या. पाच पावलांवर गाडी. गाडीत तीन माणसं, मागे सायकली, त्यांच्या मागे घड्याळकाका.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

घड्याळकाका म्हणाले, "मी आल्यापासून सात मिनिटं वीस सेकंद."

त्या गाडीकडे बघत राहिल्या. सात मिनिटं एक वाहन आपल्या पाठीशी होतं आणि आपल्याला त्याचा मागमूस नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत गेलं. पडल्या त्या दिवशी त्यांना वाटलं होतं, की कोणीतरी हलगर्जीपणा केला. आता दिसलं ते वेगळंच होतं. त्यांनी चार पावलांत वाट ओलांडली आणि उजव्या कडेने वर चालू लागल्या. थोडं पुढे दूधवाला सायकलवर बसून उताराने खाली आला. त्यांनी त्याला लांबूनच पाहिलं, कडेला झाल्या. त्याने मान लववली, त्यांनीही. इतक्या वर्षांत त्याचा चेहरा त्या पहिल्यांदाच पाहत असाव्यात. तो नेहमी मागून घंटी वाजवत गेलेला.

आठव्या दिवशी सकाळी कचेरीत बसायला जागा उरली नाही. वरच्या ओळींतली माणसं गोल्फगाडीने आली होती, काही दारात उभी होती. नणंदही कोणाचा तरी शिवायचा झगा मांडीवर घेऊन मागे बसली होती. घड्याळकाकांनी वही उघडली. आवाज जरा पडलेला होता, पण माणूस खोटं वाचणारा नव्हता. आधी एका फेरीत त्यांना अकरा वेळा ब्रेक लावावा लागे. आता एकदा, तोही एका कुत्र्यासाठी, आणि कुत्र्याने पाटी वाचलेली नाही. फेरीमागे दीड मिनिट वाचलं होतं. ते वही मिटून खाली बसले, मग परत उठून म्हणाले, की नोंद मी विरोधासाठी ठेवली होती, हेही लिहून घ्या.

सगळे मुख्याध्यापिकांकडे बघू लागले. त्या उभ्या राहिल्या, वर्गात उभ्या राहत तशा.

"मी शिकवलं ते फूटपाथसाठी होतं. इथे फूटपाथ नाही, हे माझ्या आधी या बाईच्या खराट्याला कळलं. सचिव, लिहा. चाकं डावीकडून, पावलं उजवीकडून. आणि गाडी चालू."

सचिवांनी लिहिलं. टाळ्या दारापासून सुरू झाल्या आणि टेबलापर्यंत आल्या. घड्याळकाकाही वाजवत होते. मागे नणंद शेजारणीला सांगत होती, की आमच्याकडची आहे, मी आधीच म्हटलं होतं. सचिव म्हणाले, गाडीबाईंनी आता दोन शब्द बोलावेत.

बाईने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. अकराची फेरी व्हायला चार मिनिटं होती, आणि वरच्या शेवटच्या घरातले आजोबा आज दवाखान्यात यायचे होते. ती उठली, कचेरीतल्या सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं, आणि दारातल्या माणसांनी करून दिलेल्या वाटेने एक शब्दही न बोलता बाहेर पडली.