सखीरच्या रेतीतलं सुलभिन

विमानातून बहरीन पाहिलं तेव्हा वाटलं, कुणीतरी समुद्रावर भाकरी थापली आहे. खाली उतरल्यावर कळलं, मार्चमध्येच ती भाजायलाही घेतली आहे.

विमानतळावर सुलभाताई एकटीच आली होती. गेल्या वर्षीपर्यंत दाजी यायचे. दोघंही औषधी वनस्पतींमधली द्रव्यं वेगळी काढून ओळखणारे रसायनशास्त्रज्ञ. तर्थूथमध्ये (वाळवंटात उगवणारं, लाल कणसासारखं रोप) दाजींना एक नवं द्रव्य सापडलं. ताईच्या नावावरून त्याला त्यांनी ‘सुलभिन’ म्हटलं, आणि शोधनिबंध अर्धा टाकून ते गेले. ताईने तो पुरा करून पाठवला. परीक्षकांनी कळवलं, ताज्या रोपातून पुन्हा काढून दाखवा.

म्हणून आम्ही सखीरच्या वाळवंटात, रेतीत गेलो. रोपं दाखवायला अबू हसन नावाचे म्हातारे बहरीनी आले. तर्थूथ सोलून कच्चंच खातात म्हणे. मी मोठ्या ऐटीत घास घेतला आणि तोंड असं आवळलं की दहा मिनिटं माझी वाचाच बंद. ताईला आयुष्यात प्रथमच शांतता लाभली.

“डॉक्टरसाब भी ऐसा खाता था,” अबू हसन हसले. मग त्यांनी विचारलं, ते यंदा कुठे आहेत?

“खलास, बाबा,” ताई म्हणाली.

त्यानंतर म्हाताऱ्यांनी तिला वाकू दिलं नाही. सगळी रोपं स्वतः खणली.

प्रयोगशाळेत ताईने या वेळी सारं काचेच्या भांड्यांत केलं. आठवड्याने यंत्राचा आलेख आला. सुलभिनचं शिखर हवं तिथे सपाट रेघ होती. दाजी ज्यात अर्क साठवायचे तो प्लास्टिकचा कॅन ताईने काढला, त्यात नुसतं अल्कोहोल भरून दोन दिवस ठेवलं आणि तपासलं. शिखर उभं राहिलं. सुलभिन रोपात नव्हतंच. कॅनच्या प्लास्टिकमधलंच काहीतरी अर्कात उतरलं होतं.

ताई आधी हसली. “तीस वर्षं संसार केला आणि माझं नाव दिलं कशाला, तर प्लास्टिकला.” मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसली.

दुसऱ्या दिवशी तिने निबंध मागे घेतला. पत्रात ‘चूक आम्हा दोघांची’ असं लिहिलं. मी म्हटलं, कॅन तर दाजींनीच निवडला होता.

“अरे, धुऊन मीच द्यायचे ना त्यांना.”

परतताना चार तास विमानात शेजाऱ्याशी मी एक शब्द बोललो नाही. मला ओळखणाऱ्यांना यावरून काय ते कळेल.